स्कॉटलंडची होम फायर सेफ्टी व्हिजिट : सेवेला पाच स्टार, विलीनीकरणाच्या हिशोबाला तीन

स्कॉटलंडमधे राहत असाल तर ही सेवा एकदा घ्याच. फुकट आहे, आणि फुकट आहे म्हणून उरकून टाकलेली वगैरे अजिबात नाहीये. आम्ही डनफर्मलिनला राहतो, फाइफमधे, आणि दिवाळीच्या आधी स्कॉटिश फायर अँड रेस्क्यू सर्व्हिसची, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाची, होम फायर सेफ्टी व्हिजिट (घरी येऊन आगीचे धोके बघून सल्ला देतात ती) बुक केली कारण सासू-सासरे राहायला येणार होते, म्हणजे घरात रोज सकाळ-संध्याकाळ समई लागणार, फराळाचं तळण निघणार, आणि आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. आपल्या ग्रुपवर कुणी याबद्दल नीट लिहिलेलं दिसलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय, आणि फक्त व्हिजिटबद्दल नाही, या सगळ्याला पैसे कुठून येतात आणि आठ दलांचं विलीनीकरण करून एक केल्यावर त्या पैशांचं काय झालं त्याबद्दलही लिहिणार आहे कारण ते कळल्यावर मला ही सेवा जास्तच मोलाची वाटायला लागली आणि थोडी काळजीही.

बुकिंग सोप्पंय. वेबसाइटवर फॉर्म आहे, फोनवरूनही होतं. घरात कोण कोण राहतं, वयस्कर कुणी आहे का, कुणी सिगरेट ओढतं का, कुणाला ऐकायला कमी येतं का असे प्रश्न विचारतात, ते चौकशी म्हणून नसतात, ज्या घराला धोका जास्त त्याचा नंबर आधी लागावा म्हणून असतात. आमच्याकडे ड्युटीवरचाच क्रू आला, चक्क बंब घेऊन, आणि दारातच सांगितलं की मधेच कॉल आला तर अर्ध्यातून निघावं लागेल, राग मानू नका. राग कसला मानायचा. साधारण वीस मिनिटं लागतात असं ते सांगतात, आमच्याकडे जास्तच लागली कारण सासूबाईंचे प्रश्न संपत नव्हते आणि त्या माणसांनी एकाही प्रश्नाला घाई केली नाही.

सगळ्यात आधी अलार्म. इथे १ फेब्रुवारी २०२२ पासून कायदाच आहे की प्रत्येक घरात बैठकीच्या खोलीत एक स्मोक अलार्म, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमधे एक स्मोक अलार्म आणि स्वयंपाकघरात हीट अलार्म, आणि हे सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणजे एक वाजला की सगळे वाजायला पाहिजेत. गॅस बॉयलर वगैरे असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी इमारतीला २०१७ मधे आग लागली, त्यानंतर हा नियम आला. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट ही की स्वयंपाकघरात स्मोक नाही, हीट अलार्म लागतो, म्हणजे मिरचीची फोडणी दिली, पापड भाजला तरी तो बोंबलत नाही, तापमान खरंच वाढलं तरच वाजतो. कित्येक मराठी घरांत मी स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म काढून ड्रॉवरमधे टाकलेला बघितलाय, त्यांनी कृपया हे वाचा आणि हीट अलार्म लावून घ्या. तीन बेडरूमच्या घराला सगळं मिळून साधारण २२० पौंड लागतील असा सरकारचाच अंदाज होता, स्वतः लावता येतात, बॅटरी दहा वर्षं टिकणारी सीलबंद घ्या. ज्यांना सगळ्यात जास्त धोका आहे आणि घर स्वतःचं आहे अशांना सर्व्हिसच लावून देते, ते व्हिजिटमधेच ठरवतात.

मग देवघर. आमचं देवघर म्हणजे भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा, वर दुसरी फळी. त्यातल्या एकाने समई लावायला सांगितली, थोडा वेळ तसाच थांबला, आणि मग समईच्या बरोब्बर वरच्या फळीला खालून हात लावून बघितला आणि मलाही लावायला लावला. फळी चांगलीच गरम होती. वरून बघून कधी कळलंच नसतं. तो म्हणाला ज्योतीच्या वर मोकळी जागा पाहिजे, खाली धातूची पसरट थाळी पाहिजे, पडदा लांब, आणि झोपताना किंवा घराबाहेर पडताना दिवा शांत केलेला बरा. सासूबाईंनी नवरात्रातल्या अखंड दिव्याचं विचारलं, मी भाषांतर करत होते. त्याने एका शब्दानेही कुचेष्टा केली नाही. दिवा मोठ्या काचेच्या आत ठेवा, खाली टाइल ठेवा, खोलीत ओढणी-पडदा काही लटकतं नको आणि रात्री कुणीतरी जागं पाहिजे, ते शक्य नसेल तर रात्रीपुरता विजेचा दिवा, असं त्याने सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पितळेची परात समईखाली आली.

कढईचं तर त्यांनी आपणहून काढलं. इथे चिप पॅनच्या, म्हणजे बटाट्याचे चिप्स तळायच्या भांड्याच्या, आगी पूर्वी फार व्हायच्या, त्यामुळे तापलेल्या तेलाचं या लोकांना फार नीट माहीत असतं. तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकायचं नाही, कढई उचलून सिंककडे न्यायची नाही, जमत असेल तर आच बंद करायची, दार ओढून बाहेर पडायचं आणि ९९९ (इथला इमर्जन्सी नंबर) लावायचा. कढई अर्ध्याच्याही खाली भरायची. तळण चालू असताना दाराची बेल वाजली तर आधी आच बंद, मग दार. आम्ही सगळ्यांनी लेकीसकट हे तिथेच पाठ केलं. ड्रायरच्या जाळीतली लव, एकात एक खोचलेले एक्स्टेन्शन बोर्ड, रात्री झोपताना दारं लावून घेणं, घराची किल्ली कायम एकाच जागी ठेवणं, हे सगळं झालं. अंदाजपंचे काही नाही, प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलं.

आता पैशाचा भाग. सासरे नगरपालिकेच्या लेखा विभागातून रिटायर झालेले आहेत, त्यांनी चहा देता देता एकच विचारलं, तुम्ही इथल्या नगरपालिकेचे का? तर नाही. पूर्वी फाइफचं फायर ब्रिगेड फाइफ कौन्सिलचंच होतं, आता देशभरात एकच सर्व्हिस आहे. झालं, माणसं गेल्यावर बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लॅपटॉप मागितला आणि पुढचे कितीतरी दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर ऑडिट स्कॉटलंडचे, म्हणजे इथल्या सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या संस्थेचे, अहवाल होते.

झालं असं की १ एप्रिल २०१३ ला स्कॉटलंडची आठ फायर सर्व्हिसेस एकत्र करून एक केली. स्ट्रॅथक्लाइड, लोदियन अँड बॉर्डर्स, टेसाइड, फाइफ, ग्रॅम्पियन, सेंट्रल, डम्फ्रीस अँड गॅलोवे आणि हायलँड्स अँड आयलंड्स. त्याच दिवशी आठ पोलीस दलांचंही एक पोलीस स्कॉटलंड झालं. आधी काय होतं तर फाइफ आणि डम्फ्रीसला एकेका कौन्सिलचं स्वतःचं दल आणि बाकी सहा ठिकाणी तीन ते बारा कौन्सिलांनी मिळून चालवलेली जॉइंट बोर्डं, म्हणजे पैसा कौन्सिलांच्या खात्यातून जायचा आणि बोर्डावर नगरसेवक बसायचे. कारण द्यायला काय होतं तर पैसे कमी होत चाललेत, आठ मुख्यालयं, आठ चीफ, आठ खरेदी विभाग, आठ कंट्रोल रूम कशाला? मुद्दा चुकीचा नव्हताच. पंधरा वर्षांत, म्हणजे २०२७-२८ पर्यंत, फायरमधे ३२८ मिलियन पौंड वाचतील असा अंदाज होता आणि २०१५ मधे ऑडिट स्कॉटलंडने म्हटलं की विलीनीकरण चांगलं हाताळलंय आणि बचत अंदाजापेक्षा जास्तच होईल असं दिसतंय. सक्तीने कुणाला नोकरीवरून काढलं नाही, लोकांच्या दारी येणारी सेवा तशीच राहिली. बाबा इथपर्यंत खूष होते.

मग त्यांनी व्हॅटचं पान उघडलं. हे मला सगळ्यात जास्त खटकलं म्हणून जरा सावकाश सांगते. स्थानिक स्वराज्य संस्थेला इथे खरेदीवर भरलेला व्हॅट परत मिळतो. छत दुरुस्त केलं, कॉम्प्युटर घेतले, गणवेश घेतले, त्यावरचा २० टक्के परत. आठही दलं कौन्सिलांची होती तोवर हा पैसा परत यायचा. एक सर्व्हिस झाली, तिचे पैसे थेट एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारकडून यायला लागले आणि लंडनच्या ट्रेझरीने, म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याने, सांगितलं की आता तुम्ही स्थानिक संस्था नाही, परतावा बंद. माणसं तीच, बंब तेच, स्टेशनं तीच, फक्त मालक बदलला म्हणून फायर सर्व्हिसला वर्षाला सुमारे १० मिलियन पौंडांचा फटका. आणि हे विलीनीकरणाच्या आधीच माहीत होतं, ट्रेझरीने तसं सांगितलं होतं! दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. शेवटी नोव्हेंबर २०१७ च्या बजेटमधे ब्रिटनचा तेव्हाचा अर्थमंत्री फिलिप हॅमंडने नियम बदलला आणि मार्च २०१८ पासून परतावा सुरू झाला, पण मागचे पैसे दिले नाहीत. पोलीस आणि फायर मिळून पाच वर्षांत सुमारे १७५ मिलियन गेले असं स्कॉटिश सरकार सांगतं. बाबा म्हणाले आमच्या ऑफिसात असा ठराव आला असता तर आमच्या हेडक्लार्कने पहिल्याच पानावर शेरा मारून परत पाठवला असता. आणि मला ते शंभर टक्के पटतं.

दुसरी गोष्ट इमारतींची. बाबांचा पहिला प्रश्नच तो होता, की इमारती कुणाच्या नावावर गेल्या आणि दुरुस्ती कुणाच्या बजेटात? तर ३५६ स्टेशनं, त्यातली फक्त ७४ पूर्णवेळ, २४० ऑन-कॉल म्हणजे गावातलीच माणसं पेजर वाजला की कामधंदा टाकून येतात, आणि ४२ बेटांवर-दुर्गम भागात स्वयंसेवकांची. हे सगळं नव्या सर्व्हिसकडे आलं, जुनं-पडकं जे असेल त्याच्यासकट. कौन्सिलांना कर्ज काढता यायचं, शिल्लक गाठीला ठेवता यायची. नव्या सर्व्हिसला सरकारी संस्था म्हणून दोन्ही करता येत नाही, वर्षाचे पैसे वर्षात संपवायचे आणि पुढच्या वर्षी सरकार देईल ते घ्यायचं. छप्पर बदलणं, नवं स्टेशन बांधणं ही दहा-वीस वर्षांची कामं असतात, ती अशा वर्षावर्षाच्या पैशात कशी व्हायची? २०१८ मधे ऑडिट स्कॉटलंडने सांगितलं की इमारती, गाड्या, उपकरणं यांचं राहून गेलेलं काम ३८९ मिलियन पौंडांचं आहे. वर लिहिलेला ३२८ चा आकडा बघा आणि हा बघा. दोन्ही एकाच जातीचे आकडे नाहीत, एक पंधरा वर्षांच्या बचतीचा आणि एक थकलेल्या कामाचा, आणि थकलेलं सगळंच काही विलीनीकरणामुळे थकलं नाही, बरंच आधीपासूनचं होतं. पण जे थकलंय ते भरून काढायचं साधन मात्र विलीनीकरणात गेलं, हे माझं स्पष्ट मत आहे. पुढे १४ स्टेशनांच्या छतांमधे ते ठिसूळ हलकं काँक्रीट निघालं ज्याच्यामुळे ब्रिटनभर शाळा बंद कराव्या लागल्या. आणि काही स्टेशनांत आगीवरून आल्यावर अंगावरची काजळी धुवायला धड शॉवर नाहीत, ती काजळी कॅन्सरकारक असते हे आता सगळ्यांना माहितीये. जी माणसं माझ्या देवघराची फळी हात लावून बघतात त्यांना अंघोळीची नीट सोय नसावी हे मला सहन होत नाही.

कंट्रोल रूम आठाच्या तीन झाल्या: जॉनस्टोन, एडिंबरा, डंडी. ॲबर्डीन आणि इन्व्हरनेसची २०१६ मधे बंद झाली तेव्हा तिकडच्या लोकांनी बराच विरोध केला, की वाडी-वस्तीची नावं, एकाच नावाची दोन गावं हे डंडीत बसलेल्या माणसाला कसं कळणार. त्यांची काळजी मला रास्त वाटते. तीनही ठिकाणी एकच नवी कॉम्प्युटर सिस्टीम बसवायची होती, ती वर्षानुवर्षं लांबली, कंत्राट रद्द करावं लागलं आणि पुन्हा नव्याने टेंडर. पगाराचंही तसंच, मूळ पगार ब्रिटनभर एकच पण भत्ते, पाळ्या, सुट्ट्यांचे नियम आठ ठिकाणी आठ, ते एका रेषेत आणायलाच वर्षं गेली आणि असं एका रेषेत आणताना कुणाचंच कमी करता येत नाही, वरच्याच्या बरोबरीला आणावं लागतं. विलीनीकरणाच्या चर्चेत हा खर्च कुणी मोठ्याने बोलत नाही.

आणि मग सप्टेंबर २०२३. त्या वर्षी ११ मिलियन वाचवायचे होते म्हणून देशभरातून १० बंब "तात्पुरते" काढून घेतले, त्यात फाइफमधले तीन, डनफर्मलिन, ग्लेनरॉथिस आणि मेथिलचे. स्टेशन बंद नाही झालं, पहिला बंब येतोच, पण दुसरा लांबून येणार. जुन्या दिवसांत हे फाइफ कौन्सिलच्या सभेत ठरलं असतं, ग्लेनरॉथिसला, आपण निवडून दिलेला माणूस समोर बसलेला असता. आता बोर्ड राष्ट्रीय आहे, मुख्यालय ग्लासगोजवळ कॅम्बसलँगला. प्रत्येक कौन्सिल भागासाठी एक लोकल सिनिअर ऑफिसर असतो आणि लोकल फायर प्लॅन असतो, कौन्सिल त्यावर बोलते, पण पैशाची थैली कौन्सिलकडे नाही. थैली नसलेल्या माणसाचं बोलणं किती ऐकतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

नुसतंच वाईट लिहिणं बरोबर नाही म्हणून हेही सांगते, एकत्र आल्याचा खरा फायदा लहान दलांना झालाय. पाण्यातून बचाव, उंचीवरून बचाव, केमिकल गळती, यासाठीची टीम आणि सामान आधी ज्याच्या त्याच्या हद्दीत असायचं, आता कुठूनही कुठेही जातं. जुन्या हद्दीच्या रेषेवर राहणाऱ्यांना जवळचा बंब मिळतो, मग तो पूर्वी टेसाइडचा का असेना. २०२३ च्या मेमधे हायलँडमधे कॅनिकजवळ रान पेटलं होतं, दिवसचे दिवस जळत होतं, अशा वेळी देशभरातून माणसं फिरवता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. कॅम्बसलँगचं ट्रेनिंग सेंटर ४३ मिलियनचं, आत खोटी इमारत, खोटा रस्ता, रेल्वेचा डबा, ते बांधलं स्ट्रॅथक्लाइडने पण उपयोग आता शेटलंडच्या ऑन-कॉल माणसालाही होतो. डोक्यावर आठ साहेब असण्यापेक्षा हे चांगलंच.

हे सगळं इतकं खोलात वाचायचं कारण म्हणजे माझं माहेर नऱ्हेचं. पुण्यात २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, नऱ्हे त्या दुसऱ्या खेपेतलं, आणि पुढे फुरसुंगी-उरुळी देवाची परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. हद्द वाढली की बंब, स्टेशन, पाण्याची लाइन, माणसं हे सगळं नव्या हद्दीला लागतं आणि ते कोण भरणार हे घोषणेच्या दिवशी कागदावर असायला पाहिजे. स्कॉटलंडचे ऑडिट अहवाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत, आपल्याकडच्या नगरसेवकांनी, पत्रकारांनी जरूर वाचावेत, इंग्रजी सोपं आहे.

एक फार महत्त्वाचं, ज्यांची इथे हॉटेलं, दुकानं, ऑफिसं आहेत त्यांच्यासाठी: १ जुलै २०२३ पासून दुकान-ऑफिस-रेस्टॉरंटमधला ऑटोमॅटिक अलार्म नुसता वाजला म्हणून बंब येत नाही. वर्षाला २८ हजारांच्या वर फुकटचे कॉल जात होते म्हणून हा बदल. आधी तुमच्यातल्या कुणीतरी सुरक्षितपणे बघून आग आहे का ते सांगायचं, धूर-आग दिसली की लगेच ९९९. हॉस्पिटल, केअर होम, लोक झोपतात अशी लॉजिंगची हॉटेलं यांना सूट आहे. आणि घराला हा नियम लागू नाही, घरात काही वाटलं तर सरळ फोन करा. तुमच्या स्टाफला हे माहितीये का ते आजच विचारा.

तर माझे स्टार. घरी आलेल्या क्रूला, त्यांच्या ज्ञानाला, वागण्याला पाच पैकी पाच. बुकिंगला पाच. विलीनीकरणाच्या हिशोबाला तीन: बचत झाली, सेवा टिकली, फिरती कुमक मिळाली म्हणून तीन, आणि व्हॅटचे पैसे आणि कर्ज-शिल्लकीची सोय गेली, गावाची थैली गेली म्हणून दोन कापले. लोकल फायर प्लॅनवर किंवा स्टेशनांच्या बदलांवर मतं मागवली की आपले लोक फारसे भरत नाहीत, फॉर्म छोटा असतो, इथला मतदार असा किंवा नसा, राहणारा कुणीही भरू शकतो, नक्की भरा.

भाड्याच्या घरात असाल तर अलार्म बसवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, तुमच्या खिशातून खर्च करू नका, पण व्हिजिट मात्र तुम्ही स्वतः बुक करू शकता. दिवाळीच्या अगदी तोंडावर मागू नका, तेव्हाच ५ नोव्हेंबरची बॉनफायर नाइट (शेकोट्या आणि फटाक्यांची रात्र) येते आणि क्रू प्रचंड बिझी असतात. गणपतीनंतर लगेच बुक करा.